कोसोची फुलं

"बोला," मेकुरिया म्हणाला, आणि पलीकडून कुणी बोललंच नाही. असे मुके फोन दिवसभर येतच असत. कुणाला चुकीचा नंबर लागलेला असे, कुणाचा खात्याचं नाव ऐकूनच धीर सुटलेला असे. सवयीनं तो दुसरी लाइन घेणार, तेवढ्यात त्याला श्वास ऐकू आला. खूप खालून ओढून आणलेला, मध्येच कुठंतरी अडकणारा, मग घरघरत सुटणारा. टेलिफोनच्या बोर्डावरची त्याची बोटं तिथंच थांबली. "बोला," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा हळू. "आवाज तसाच आहे," पलीकडची बाई म्हणाली. "कोण बोलतंय?" त्यानं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. "कुणी नाही रे. जेवलास का?" "नाही अजून." "आज बुधवार. उपास धरतोस?" "धरतो." "कच्चं मांस सोडलंस ना?" "सोडलं," तो म्हणाला. तारेतून एखाद्या दुकानातले आवाज येत होते, पोत्यातून काहीतरी ओतल्याचा, कुणीतरी हसल्याचा. मग एक दुसरी बाई अगदी फोनजवळ येऊन म्हणाली, "एमाये, पुरे आता. तुम्हाला उभं राहवत नाही आणि फोन कसले करताय? अंग बघा किती तापलंय." आणि लाइन तुटली.

सात वर्षांत सासूचा आवाज त्यानं ऐकला नव्हता. वस्तीतली लहानथोर सगळीच तिला एमाये म्हणत, आई म्हणत. लग्नानंतर तोही म्हणायला लागला होता. तिच्याबद्दल इकडून तिकडून कानावर येई, तेही बायको, वुबालेम, घरात नसताना. वुबालेम असली की शिरो मेडाचं नावसुद्धा कुणी काढत नसे, जणू एन्तोतोच्या डोंगराखालची ती वस्ती शहरातून कुणी खरवडून काढली होती. मेकुरियानं हेडफोन कानावर नीट बसवला. पुढचा फोन आला, त्यानं जोडून दिला. त्याच्या पुढचाही दिला. हात आपापलं काम करत होते. पण तो श्वास कानातून जाईना. आपल्याला असा श्वास माहीत आहे, असं त्याला वाटत राहिलं. लहानपणी बापाचा ऐकलेला, आणि बाप त्यानंतर फार दिवस राहिला नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या मुलुमेबेतनं कॉफी आणून त्याच्या हाताशी ठेवली. उपासाच्या दिवशी दुधाची नाही, काळी. कप तोंडाशी नेला तर वाफेत सतापीचा वास. तिनं घरून काडी आणून कपात बुडवली होती, आज त्याचा चेहरा उतरलेला दिसतो म्हणून. त्यानं कप तसाच खाली ठेवला. "का रे? सताप चालत नाही तुला?" "चालते. घरी आणत नाही आम्ही." "अरे, सतापीशिवाय कॉफी म्हणजे गरम पाणी!" ती हसली. तोही हसला. वुबालेमनं कॉफीतली सतापसुद्धा बंद केली होती, हे तिला काय सांगायचं? घरात एक पान येत नव्हतं. सर्दी झाली तर गोळी, पोट बिघडलं तर गोळी, आणि ती गोळीसुद्धा वुबालेम उजेडाशी धरून बघायची, पाकिटातला कागद दोनदा वाचायची, मग त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तिच्या त्या उभं राहण्यात तिची आई होती. अगदी तशीच, एक पाऊल पुढं टाकून, श्वास रोखून. हे त्याला कितीदा सांगावंसं वाटलं होतं, आणि कधीच सांगता आलं नव्हतं.

एमाये कुणी वैदू नव्हती. औषध द्यायची म्हणून तिनं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. तिच्या दाराशी दामाकासेचं झुडूप होतं, सतापीचा वाफा होता, आत मडक्यात अळीव आणि जवस असायचे, आणि वस्तीतल्या बायका येता-जाता फाटकातून हाक मारायच्या. कुणाच्या पोराला थंडी वाजून ताप आला की ती दामाकासेची पानं तळहातावर चोळायची, मुठीत दाबून हिरवा रस काढायची, दोन थेंब कॉफीत, उरलेला कपाळाला आणि छातीला. तुळशीसारखा पण तिच्याहून रानवट असा तो वास. मेकुरियाचा पहिल्या वर्षीचा खोकला तिनंच घालवला होता. पोटदुखीवर सताप. पण देण्याआधी बाईला विचारायची, दिवस गेलेत का? गेले असतील तर नाही म्हणजे नाही, मग ती पाया पडली तरी नाही. "हे पान आहे, प्रसाद नाही," असं म्हणायची. एखाद्याचं दुखणं तिच्या आवाक्यातलं वाटलं नाही तर सरळ दवाखान्याची वाट दाखवायची. आणि सगळं देऊन झालं की हात पुसत विचारायची, "आणखी?" म्हणजे आणखी काय दुखतंय. त्या एका शब्दासाठी बायका खोटी दुखणीसुद्धा घेऊन येत असतील, असं मेकुरियाला तेव्हा वाटायचं.

आणि कोसो. हा जंतांवरचा उपाय एकट्या तिचा नव्हता, तो सगळ्यांच्याच घरचा होता. कच्चं मांस खाणाऱ्या गावात पोटात चपटा जंत होणं म्हणजे नखं वाढण्यासारखं. लाजायचं त्यात काही नव्हतं. तेव्हा मेकुरिया छापखान्यात होता. शनिवारी तिथले सगळे खाटकाच्या दुकानामागच्या बाकांवर बसत, समोर लाल, अजून ऊब न गेलेला तुकडा, सुरी, तिखट, आणि दिवसभर तपासलेल्या मजकुरातल्या चुकांवरून एकमेकांची टिंगल. तो मुद्रितं तपासायचा. त्याची नजर छापखान्यात प्रसिद्ध होती. ओळीतलं एक उलटं बसलेलं अक्षर तो कागद लांब धरूनही हेरायचा. "याच्यापुढं उवासुद्धा रांगेत चालतात," असं मालक म्हणायचे. तर दोन-तीन महिन्यांनी पोट कुरकुरायला लागलं की तो सासूकडे जायचा. आदल्या रात्री फक्त जवसाचं पाणी. सकाळी उपाशीपोटी कोसोची वाळलेली, कुटून पाण्यात कालवलेली फुलं, विटकरी रंगाचा तो गढूळ पेला. एमाये समोर उभी. "एका दमात. थांबलास की परत येईल." वास नाकात जाण्याआधी घशाखाली उतरवायचं, मग तोंडावर पंजा दाबून बसायचं. दुपारपर्यंत सुटका. मग तिच्या हातचं गरम जेवण. खरं म्हणजे दवाखान्यात यावर गोळी मिळत होती. छापखान्यातले दोघं-तिघं ती घ्यायला लागलेही होते. पण मेकुरियाला तो दिवस हवा असायचा. कामाला सुट्टी, सासूच्या ओट्यावर ऊन, तिचं आत-बाहेर करणं, आणि आपण आजारी नसून आजाऱ्यासारखे लाड.

सात वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी फुलं नवी होती. जुन्या फुलांचा जोर उतरतो, म्हणून ती थोडी जास्त घ्यायची तिला सवय, आणि या खेपेची नवी आहेत हे बाजारातल्या बाईनं तिला सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक. दुपारी जंत पडला, पण पुरता नाही. डोकं आत राहिलं की तो पुन्हा वाढतो. तिनं रिकामा पेला हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "उद्यावर टाकू या का?" आणि तो म्हणाला होता, "उद्या कामावर जायचंय, एमाये. आजच काय ते संपवून टाका." तिनं अर्धा पेला आणखी दिला. तिला वाटलं, अर्ध्यानं काय होतंय. त्यालाही तसंच वाटलं. संध्याकाळभर ओकाऱ्या. सकाळी उठला तो घरात धूर भरलाय असं समजून. डोळे चोळले. तिसऱ्या दिवशी छापखान्यात कागद हातात घेतला आणि प्रत्येक शब्दाच्या मधलं अक्षर नाहीसं. नजर सरकवली की ते नाहीसं होणंही सरकायचं. जिकडं बघावं तिथंच भोक. कडेनं मात्र सगळं दिसत होतं, दिव्याची दोरी, मालकांचा कोट, खिडकीतला निलगिरीचा शेंडा. जे बघायचं ते सोडून सगळं. काही महिन्यांत कडाही मळकट झाल्या.

दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. शांतपणे सांगत होता की कोसोनं डोळे जाणं पूर्वीही झालेलं आहे, दर वेळी होतं असं नाही, म्हणूनच लोक घेत राहतात. गोळीत किती औषध आहे ते लिहिलेलं असतं, फुलात किती आहे ते फुलालाही ठाऊक नसतं. मेकुरियाच्या डोळ्यांवर पट्टी होती, आणि व्हरांड्यातून वुबालेमचा आवाज येत होता. एवढा मोठा आवाज तिला आहे, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. "तू खाल्लेस माझ्या नवऱ्याचे डोळे! पुन्हा पाऊल टाकू नकोस माझ्या दारात!" मग चपलांचा आवाज, एकाच बाईच्या, लांब लांब जाणाऱ्या. त्याला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाला असता, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. पुढं कित्येक महिने तो स्वतःच्या आत राग शोधत होता. वुबालेमच्या रागानं घर इतकं भरलेलं होतं की त्याला आपला म्हणून वेगळा ओळखता येईना. तिनं त्याला धरून चालवलं, हे काम मिळवून दिलं, शाळेतून शिकवून आल्यावर रोज वर्तमानपत्र वाचून दाखवलं. हे सगळं ती आईवरच्या रागाच्या बळावर करते आहे की काय, अशी शंका त्याला येई, आणि तो राग काढून घेतला तर ती मटकन खाली बसेल, अशी भीतीही. म्हणून तो त्या विषयाला बोट लावत नसे.

काम सुटल्यावर नेहमी तो डावीकडे वळत असे. फोन आला त्या दिवशी काठी उजवीकडे वळली. अरात किलोच्या नाक्यावर निळ्या टॅक्स्यांचे पुकारे चालले होते, त्यातला "शिरो मेडा, शिरो मेडा" त्यानं वेगळा काढला आणि त्या आवाजाच्या दिशेनं हात वर केला. कुणीतरी दंडाला धरून आत बसवलं. चढ लागला तशी गाडी कण्हायला लागली. निलगिरीच्या सरपणाचा धूर आणि विणकरांच्या दुकानांतला नव्या सुताचा वास आला. आपण घरी कळवलं नाही, हे त्याला उतरताना आठवलं. पाय मात्र वाट विसरले नव्हते. पाण्याचा नळ, मग दगडी चढ, मग पत्र्याचं फाटक. फाटकाजवळ तो थबकला. इथं आलं की सतापीचा उग्र वास यायचा. आज ओल्या मातीखेरीज कसलाच वास नव्हता.

"उपटून टाकलं सगळं," त्याच्या मनातलं ऐकल्यासारखी एक बाई म्हणाली. फोनवरचाच तो आवाज. "मी झर्फे, शेजारची. तुम्ही मेकुरिया ना? दवाखान्यातून त्या दिवशी एमाये आल्या ते इथं खाली बसून एकेक झुडूप मुळासकट काढलं. तेव्हापासून कुणाला काही दिलं नाही. आणि स्वतःही घेत नाहीत. पान नाही, गोळी नाही. आठ दिवस झाले, ताप उतरत नाही. मी दवाखान्यात चला म्हणते तर तोंड फिरवतात. काल दामाकासेचा रस नेला तर वाटी भिरकावली. आज काय मनात आलं, म्हणाल्या, दुकानात ने, फोन लावून दे."

आत अंधार असणार. त्याच्या लेखी उजेडही तसाच. तो श्वास त्याला दारातूनच ऐकू आला. "झर्फे, कुणाला आणलंस?" "मी आलोय, एमाये." श्वास थांबला. मग, "आंधळा माणूस एवढा चढ चढून आला आणि चुलीवर कॉफी नाही? काय बाई तू तरी झर्फे, घर आहे का धर्मशाळा?" आवाजाला जोर आणायचा प्रयत्न होता आणि तो मध्येच खोकल्यात बुडाला. मेकुरिया खाटेच्या काठावर बसला. हात चाचपत पुढं केला. तिचा हात त्याच्या हातात आला तो चुलीजवळच्या भांड्यासारखा गरम, आणि इतका हलका. आडबाजूच्या नजरेनं त्याला एक करडा ढीग तेवढा कळला, पांढऱ्या शालीचा. "वुबेला ठाऊक आहे, इकडं आलास ते?" "नाही." "मग जा. तिला वाईट वाटेल." "तुम्ही दवाखान्यात चला, मग जातो." "तिथं नाही जायची मी. आणि पोटात काही घ्यायची नाही. माझ्या हातून जे झालं ना लेका, त्यानंतर माझं तोंड औषधाला लायक नाही राहिलं. औषध घ्यायला माणसाला बरं व्हावंसं वाटावं लागतं."

समजूत घालायची वाक्यं त्याला सुचत होती आणि ती सगळी दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. त्यानं झर्फेला विचारलं, दामाकासे आहे का. तिनं आपल्या दारातून पाच-सहा पानं आणून त्याच्या ओंजळीत टाकली. पानं लोकरीसारखी मऊ होती. त्यानं ती तळहातावर चोळली, जशी ही बाई चोळायची तशी, अंगठ्याच्या मुळाशी दाब देत. वास उठला. एवढा ताप, हा असा श्वास, याला हे पान पुरं पडणार नाही, हे त्याला कळत होतं. तिला तर त्याच्याहून जास्त कळत असणार. झर्फेनं पुढं केलेल्या कॉफीच्या कपावर त्यानं मूठ दाबली. "किती टाकलास?" खाटेवरून प्रश्न आला. "दिसत नाही मला. अंदाजानं." "मग आंधळ्याच्या हातचं औषध पिऊ मी?" "मी डोळस बाईच्या हातचं प्यायलो होतो," मेकुरिया म्हणाला.

हे असं तोंडातून येईल हे त्यालाच माहीत नव्हतं. चुलीशी झर्फेनं हातातलं काहीतरी खाली ठेवलं, अगदी आवाज न करता. सात वर्षं ज्या वाक्याभोवती तीन माणसं पाय न वाजवता फिरत होती ते असं थट्टेसारखं बाहेर पडून खोलीच्या मध्यभागी येऊन बसलं. मग खाट हलायला लागली. तिला उमाळा आला असं वाटून तो घाबरून पुढं वाकला, तर म्हातारी हसत होती. तिला हसू पेलत नव्हतं, छातीत घरघर होत होती, खोकला येत होता, आणि त्या खोकल्याच्या फटींतून ती हसतच होती. "मेल्या," ती म्हणाली, "मेल्या, एवढी वर्षं कुठं होतास?" तिनं त्याचं मनगट धरलं, कप ओढून घेतला आणि प्यायली. सगळा. थोडा त्याच्या बोटांवर सांडला. "जास्त टाकलायस," ती म्हणाली. मग रिकामा कप त्याच्या हातात देऊन, "बरं. ने मला. जिथं न्यायचं तिथं ने."

झर्फेनं आणि टॅक्सीवाल्यानं तिला शालीत गुंडाळून गाडीत घातलं. उतारावर तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. दवाखाना वेगळा होता, पण व्हरांड्याचा वास तोच. एक तरुण डॉक्टरीण आली, नळी लावली, सुई दिली. मग तिनं विचारलं, "घरी काही दिलं होतं का? झाडपाल्याचं काही? खरं सांगा हं, रागावणार नाही." "मी दिलं," मेकुरिया म्हणाला. "दामाकासेचा रस. कॉफीतून." "आणखी काही? कोसो वगैरे?" "नाही. कोसो नाही." ती क्षणभर थांबली, बहुधा त्याच्या डोळ्यांकडे बघत असावी. "त्या रसानं काही बिघडलेलं नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण दोन्ही फुप्फुसं भरलीत. आठवड्यापूर्वी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मुलंबाळं आहेत का यांना? बोलवून घ्या."

नोंदणीच्या खिडकीशी फोन होता. दिवसाला शेकडो फोन जोडून देणारा मेकुरिया आपल्याच घराचा नंबर दोनदा चुकला. "कुठं आहेस तू?" वुबालेमचा आवाज फाटलेला होता. "तुझं ऑफिस, मुलुमेबेतचं घर, सगळीकडं फोन केले मी. वाटलं, कुठं पडलास की काय." "शिरो मेडाखालच्या दवाखान्यात. तुझ्या आईजवळ." पलीकडं खुर्ची सरकली. "वुबे, ती चालली आहे," तो म्हणाला. "कुठं?" वुबालेमनं विचारलं. इतकं साधेपणानं विचारलं की त्याला उत्तर देता येईना. त्या न दिलेल्या उत्तरातून तिला कळलं. तिनं फोन ठेवला. ती आली तेव्हा तिच्या श्वासावरून कळत होतं की अर्धी वाट धावत आली आहे. येऊन ती दाराशी उभी राहिली. आत गेली नाही. "काय दिलंस तू तिला?" तिनं विचारलं. त्याच्या हाताला वास होता. "दामाकासे." आता ती ओरडेल म्हणून तो थांबला. व्हरांडा होता, भिंती होत्या, ओरडायला सगळं जसंच्या तसं होतं. ती म्हणाली, "प्यायली?" "सगळं प्यायली." मग वुबालेम खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली. आई ग्लानीत होती.

पहाटे दवाखान्याबाहेर देवळातली प्रार्थना सुरू झाली तेव्हा म्हातारीनं डोळे उघडले असावेत, कारण वुबालेम एकदम पुढं सरकली. "एमाये, मी आलेय." "कोण?" आवाज पार लांबून आल्यासारखा होता. "फाटक उघडंच आहे, ये आत. कोसो मागायला आलीस का बाई? कोसो मी आता देत नाही. दवाखान्यात गोळी मिळते, ती घे." मेकुरियाला वाटलं, आता ही म्हणेल, अगं मी वुबालेम, तुझी मुलगी. पण वुबालेमनं दोनदा तोंड उघडून मिटलेलं त्याला ओठांच्या आवाजावरून कळलं. मग ती एका विलक्षण लहान आवाजात म्हणाली, "कोसो नको मला." "मग काय होतंय?" "पोटात दुखतंय." "दिवस गेलेत का?" "नाही." "गेले असले तर सांग, लाजू नकोस. मग सताप चालत नाही." "नाही गेले, एमाये. कधीच नाही गेले." "मग सतापीची काडी चाव. एकच. जास्त कशाचंच बरं नाही." मध्ये दम घ्यायला ती थांबली. खूप वेळ. वुबालेमनं आईचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तो ती आपल्या पोटावर दाबून बसली होती. "आणखी?" म्हातारीनं विचारलं. "डोकं दुखतं." "दामाकासे. कपाळाला चोळ, अन् निजून रहा." "बरं." "आणखी?"

वुबालेमच्या घशातून नुसता हुंदका आला, आणि तो दाबायच्या धडपडीत दुसरा. मेकुरिया भिंतीला टेकून उभा होता. आपण पुढं व्हावं का, हे त्याला समजत नव्हतं. "आणखी काही नाही," वुबालेम शेवटी म्हणाली. "मग रडतेस कशाला?" म्हातारी म्हणाली. वस्तीतल्या कुठल्याही बाईला म्हणाली असती तशीच, थोडी वैतागून, थोडी मायेनं. "ऊठ. घरी जा. इथं बसून राहू नकोस. त्याला दिसत नाही गं, तू नसलीस की तो सगळीकडं धडकतो."

त्यानंतर ती काही बोलली नाही. वुबालेम उठली नाही. ऊन खिडकीतून खाटेपर्यंत आलं तोवर श्वास चालला होता, आणि मग एका श्वासानंतर दुसरा आला नाही. दोघंही त्याची वाट बघत राहिले. डॉक्टरीण आली, नाडी पाहिली, शाल नीट केली. बाहेर जाताना दाराशी थांबून तिनं सांगितलं, कुणाला कळवायचं असेल तर फोन खाली आहे. वुबालेमनं नाक पुसलं. "आम्ही दोघंच," ती म्हणाली. "आम्हाला कळलंय."